एकाच राज्यातील शहरे, निरनिराळी भाडी : मुंबई, सोलापूर, नागपूर आणि पुण्याच्या घरभाड्याचा शंभर वर्षांचा इतिहास

१/
१९२१-२२ साली मुंबईच्या गिरणगावातील सरासरी कामगार कुटुंबाचे मासिक उत्पन्न ५२ रुपये ४ आणे ६ पै होते. १९२५ साली सोलापुरातील गिरणी कामगार कुटुंबाचे उत्पन्न ४० रुपयांच्या किंचित आत होते. मग अधिक सुखात कोण राहत होते? मुंबईचा कामगार, असे उत्तर चटकन सुचते. मात्र ज्यांनी हे आकडे गोळा केले, त्यांनाही ते इतक्या सहजपणे देता आले नसते.

२/
हे आकडे उपलब्ध आहेत त्याचे श्रेय मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाला, म्हणजे ‘लेबर ऑफिस’ला जाते. पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली, गिरण्यांमध्ये संपांची लाट उसळली आणि वेतनाचा वाद सोडवायचा तर कामगाराच्या घरचा खर्च ठाऊक हवा, हे सरकारच्या ध्यानी आले. १९२१ मध्ये कार्यालय स्थापन झाले आणि त्याच वर्षी ‘लेबर गॅझेट’ हे मासिक सुरू झाले. जी. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली मुंबईतील २,४७३ कुटुंबांचे जमाखर्च तपासण्यात आले. ज्वारी, तांदूळ, रॉकेल, धोतर, पानसुपारी, न्हाव्याचे पैसे अशा बाबींतून कामगाराच्या संसाराचे तपशीलवार चित्र प्रथमच कागदावर उमटले.

३/
त्या पाहणीतील एक आकडा आज वाचताना खटकतो. कुटुंबाच्या खर्चापैकी जवळजवळ ५७ टक्के रक्कम अन्नावर जात होती. घरभाड्यावर मात्र अवघी ७.७ टक्के. देशातील सर्वांत दाट वस्तीच्या शहरांपैकी एकात घरभाडे इतके कमी कसे?

४/
कारण कामगाराला घर स्वस्त मिळत नव्हते. तो घरच फार थोडे घेत होता. मुंबईतील ९७ टक्के कामगार कुटुंबे एका खोलीत राहत होती आणि एका खोलीत सहा ते नऊ माणसे असणे ही नित्याची बाब होती. भावकीतला कोणी, गावाकडचा कोणी, पैसे देऊन राहणारा एखादा बिऱ्हाडकरू अशी भर पडून भाड्याची विभागणी होई. खर्चातील भाड्याचा वाटा लहान दिसतो तो यामुळे. राहणीमानाच्या तुलनेत हा सापळा नेहमीच असतो : ‘उत्पन्नाच्या किती टक्के भाडे’ हे विचारताना ‘त्या भाड्यात किती जागा’ हे विचारले नाही, तर सर्वांत कोंडलेले शहर सर्वांत स्वस्त ठरते.

५/
एका खोलीची खरी किंमत अन्य नोंदींत सापडते. १९२१ साली मुंबईत एका खोलीच्या बिऱ्हाडांत दर हजार जन्मांमागे ८२८ अर्भकमृत्यू नोंदले गेले; दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ३२२, तीन खोल्यांच्या १९१ आणि चार किंवा अधिक खोल्यांच्या बिऱ्हाडांत १३३. पहिला आकडा जसाच्या तसा घेऊ नये, हे सांगणे आवश्यक आहे. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात आणि काही महिन्यांनी मूल घेऊन परत येत. जन्माची नोंद गावी आणि मृत्यूची मुंबईत, असे झाल्याने दर फुगत असे. तरीही खोल्यांच्या संख्येसोबत मृत्यूचा आकडा ज्या क्रमाने उतरत जातो, तो क्रम केवळ नोंदणीच्या दोषाने समजावून देता येत नाही.

६/
‘गाळा’ हा शब्द आज दुकानासाठी वापरला जातो. गिरणगावात तो एकट्या पुरुषांच्या सामाईक खोलीसाठीही होता. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडचे दहा-पंधरा पुरुष मिळून एक खोली घेत. काहींची पाळी दिवसाची, काहींची रात्रीची; एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरे. जेवण खाणावळवालीकडे, महिन्याच्या उधारीवर. बायकामुले गावी, मनिऑर्डरच्या वाटेकडे डोळे लावून. अशा माणसाचा ‘राहणीचा खर्च’ मुंबईचा मानायचा की चिपळूणचा? त्याचे घर एकच होते, पण ते दोन ठिकाणच्या बाजारभावांवर चालत होते. मुंबईचे वेतन पुरते की नाही, याचा निर्णय पुष्कळदा कोकणातील भातशेतीवर ठरे.

७/
आता सोलापूर. तेथील जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. परंतु सोलापूरचे वैशिष्ट्य केवळ गिरण्यांत नव्हते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरातच माग असे. राहण्याची जागा हाच कारखाना. भिंतीशी माग, कोपऱ्यात चूल, खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर आणि कांड्या भरणारी घरची मंडळी. अशा ठिकाणी भाड्याचा किती भाग निवाऱ्याचा आणि किती भाग धंद्याचा, हे वेगळे काढणे जवळपास अशक्य. सोलापूरच्या गिरणी कामगार कुटुंबाच्या पाहणीत भाड्याचा वाटा मुंबईपेक्षाही थोडा कमी, सुमारे सहा टक्के निघाला होता. येथे जागा खरोखरच स्वस्त होती आणि गावही शहराला लागून होते.

८/
नागपूरची कथा तर खर्चाच्या तुलनेतूनच जन्माला आली. मुंबई ही त्या वेळी गिरण्यांची राजधानी असताना जमशेटजी टाटांनी आपली मोठी गिरणी नागपुरात उभारली : कापूस पिकविणारा प्रदेश दाराशी, कोळसा जवळ, जमीन स्वस्त. १ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, त्याच दिवशी ‘एम्प्रेस मिल’ सुरू झाली. पाणथळ जागा भरून काढणाऱ्या टाटांना एका सावकाराने, हा माणूस सोने मातीत घालतो आहे, असे म्हणून कर्ज नाकारल्याची आणि पुढे आपले शब्द मागे घेतल्याची गोष्ट सांगितली जाते. महागड्या मुंबईकडे पाठ फिरवून उद्योग आतल्या भागात नेण्याचा विचार आजचा नव्हे, एवढे तीवरून कळते.

९/
आरंभीच्या प्रश्नाकडे परतू. ५२ आणि ४० यांची थेट तुलना का करता येत नाही? पहिले कारण, पाहण्यांची वर्षे वेगळी. १९२१ आणि १९२५ यांच्या दरम्यान भाव उतरले होते. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. पुढे प्रत्येक शहरासाठी राहणी-खर्चाचा निर्देशांक काढण्यात येऊ लागला, पण प्रत्येकाचा पाया निराळा : सोलापूरचा १९२७-२८, मुंबईचा नंतर १९३३-३४. पायाच्या वर्षी प्रत्येक शहर १०० धरले जाते. म्हणजे मुंबईचा अंक १३० आणि सोलापूरचा १४० झाला, तर सोलापूर मुंबईपेक्षा महाग ठरत नाही. सोलापूर स्वतःच्या जुन्या पातळीपेक्षा अधिक वेगाने महागले, इतकाच त्याचा अर्थ.

१०/
आजही औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर या केंद्रांसाठी स्वतंत्रपणे काढला जातो आणि आजही त्याचा असाच चुकीचा अर्थ लावला जातो. शहराशहरांतील महागाईची क्रमवारी म्हणून हा निर्देशांक कोणी पुढे केला, तर तेथेच थांबवावे.

११/
मुंबईच्या भाड्याचा इतिहास मात्र निर्देशांकात नाही. तो प्लेगमध्ये, कायद्यांत आणि न्यायालयांत आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. दोन वर्षांनी शहर सुधारणेसाठी ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ निर्माण झाला. त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. घरे बांधण्यापूर्वी घरे पाडली गेल्याने उरलेल्या चाळींवरचा ताण वाढला. ट्रस्टने बांधलेल्या त्या ‘बीआयटी चाळी’. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे कुटुंब सुमारे दोन दशके राहिले. कोलंबिया आणि लंडन येथून विद्या संपादून आलेला प्राध्यापक, बॅरिस्टर आणि विधिमंडळाचा सदस्य चाळीच्या दोन खोल्यांत संसार व अभ्यास चालवीत होता. पुढे दादरला ‘राजगृह’ बांधले गेले, ते मुख्यतः ग्रंथांना जागा हवी म्हणून.

१२/
१९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात आणखी मोठा बेत आखला गेला : ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’, म्हणजेच बीडीडी. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवून कामगारांसाठी घरे बांधायची होती. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या, सुमारे १६ हजार खोल्या. सिमेंट काँक्रीटच्या, सुमारे १६० चौरस फुटांच्या, एकसारख्या.

१३/
आणि त्यांतील पुष्कळशा रिकाम्या राहिल्या! घरांची एवढी टंचाई असलेल्या शहरात वरळीच्या खोल्यांना भाडेकरू मिळेनात. गिरणीपासून दूर, बाजार नाही, भाडे कामगाराला न परवडणारे. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या चाळींचा उपयोग सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग म्हणून केला. स्वस्त घर कामापासून लांब असेल, तर ते स्वस्त उरत नाही, हे सरकारला त्या वेळी महागात पडून कळले.

१४/
भाड्यावर कायद्याचे बंधन आले तेही युद्धामुळे. १९१८ मध्ये मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा झाला आणि काही वर्षांनी तो संपुष्टात आला. जागतिक मंदीत धान्याचे भाव कोसळले, भाडी मात्र त्या प्रमाणात उतरली नाहीत; १९३२-३३ च्या नव्या पाहणीत मुंबईच्या कामगार कुटुंबाच्या खर्चात भाड्याचा वाटा सुमारे १३ टक्क्यांवर गेलेला दिसतो. दुसऱ्या महायुद्धाने पुन्हा नियंत्रण आणले. त्यानंतर आला तो कायदा, ज्याने मुंबईचा चेहरा घडविला : १९४७ चा ‘बॉम्बे रेंट अॅक्ट’, फेब्रुवारी १९४८ पासून लागू.

१५/
त्यातील कळीचे कलम साधे होते. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच ‘प्रमाणित भाडे’. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत होते, काळाबाजार मातला होता; अशा वेळी हा कायदा म्हणजे लाखो भाडेकरूंना मिळालेले अभय होते. त्याची मुदत मर्यादित होती. ती वाढविली गेली, पुन्हा वाढविली गेली आणि असे करता करता पन्नास वर्षे उलटली. १९४० चे भाडे मात्र जागचे हलले नाही.

१६/
गोठलेल्या भाड्यातून ‘पागडी’ फोफावली. बाजारभाव आणि कायद्याचे भाडे यांतील फरक भाडेकरू बदलताना रोखीने, पावतीविना वसूल केला जाई. जाणारा भाडेकरू आणि मालक तो वाटून घेत. खोलीचे मासिक भाडे काही रुपये आणि तिची पागडी लाखांत, हा चमत्कार यातूनच घडला. दुसरीकडे, चाळीच्या मालकाला भाड्यातून जिने आणि कठडे दुरुस्त करणेही परवडेनासे झाले, किंवा परवडत नाही असे म्हणण्याची सोय झाली. इमारती कोसळू लागल्या. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ स्थापून भाडेकरूंकडून उपकर घ्यायला आरंभ झाला. तेव्हा अशा इमारती १९,६४२ होत्या. दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघते, तिचे मूळ येथे आहे.

१७/
मालकांनी दुसरी वाट शोधली : भाडेकरार नकोच, ‘लीव्ह अँड लायसन्स’ करू. १९७३ मध्ये सरकारने तीही अडविली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो परवानाधारक म्हणून जागेत होता, तो भाडेकरू मानला गेला. त्या दिवशी अनेकांना घर मिळाले. त्याच दिवसापासून अनेक मालकांनी घरे कुलूप लावून ठेवण्याचा निश्चय केला. अकरा महिन्यांचा करार आणि जबर अनामत रक्कम या रीतींना यातून बळ मिळाले.

१८/
हाच कायदा पुण्यालाही लागू होता, पण पुण्याचे घर वेगळे होते. पेठांतील वाड्यांत बिऱ्हाडे ‘खणां’त मोजली जात : दोन खणांची खोली, तीन खणांचे माजघर. मालक त्याच वाड्यात, बहुधा वरच्या मजल्यावर. नळ आणि अंगण सामाईक. निवृत्तिवेतनधारकांचे, विद्यार्थ्यांचे आणि छावणीचे हे शहर. धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे १९३० च्या दशकात त्याची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि १९४५ व १९५२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केली, ती भारतीय शहरांच्या अभ्यासातील मैलाचा दगड मानली जाते. कौतुकाची बाब अशी की गिरण्यांचा दबाव नसताना, केवळ आपले शहर समजून घ्यावे म्हणून ती झाली.

१९/
१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतील वाडे एका दिवसात मातीमोल झाले आणि त्यांच्यासोबत जुन्या भाड्याची हजारो बिऱ्हाडेही गेली. पूरग्रस्तांसाठी शहराच्या कडेने वसाहती उठल्या. पाठोपाठ पिंपरी-चिंचवडचे कारखाने वाढले, चार दशकांनी हिंजवडी आली. मुंबईत जुने भाडे इमारतींसोबत टिकून राहिले. पुण्यात ते बऱ्याच अंशी पाण्याने आणि मग विकसकांनी पुसून टाकले.

२०/
महाराष्ट्राची निर्मिती १ मे १९६० ची. पण घरभाड्याच्या बाबतीत हे राज्य पुढची चाळीस वर्षे तीन राज्ये होती. पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई कायदा. विदर्भात मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काळातील १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश, ज्यानुसार भाडेकरूला काढण्यापूर्वी मालकाला ‘रेंट कंट्रोलर’ची लेखी परवानगी घ्यावी लागे. मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा कायदा. मुंबईतील भाडेकरू लघुवाद न्यायालयाची पायरी चढे, नागपूरचा कंट्रोलरच्या कचेरीची. नकाशावरच्या जुन्या रेषा पुसल्या गेल्या तरी भाडेपावतीवर त्या शाबूत होत्या.

२१/
डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, १९४० च्या पातळीवर भाडे गोठविणारी तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाली आहे. कायद्याची मुदत संपतच आली असल्याने न्यायालयाने तो रद्द केला नाही. नव्या कायद्याची अपेक्षा व्यक्त केली. त्यातून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून तिन्ही जुने कायदे एकदम इतिहासजमा झाले. वर्षाला ४ टक्के भाडेवाढ मान्य झाली, पागडीला प्रथमच कायद्याची मान्यता मिळाली. पण ४ टक्के कशावर? मूळ रक्कमच नाममात्र असेल, तर तिची वाढही नाममात्रच.

२२/
या गोठलेल्या भाड्याला केवळ मालकाच्या नजरेतून पाहणे अन्यायाचे होईल. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. लाखाहून अधिक कामगारांची नोकरी कायमची गेली. पगार थांबला, खाणावळीची उधारी थकली, मुलांच्या शाळा सुटल्या. तरी कित्येकांची खोली सुटली नाही, कारण तिचे भाडे १९४० मध्ये अडकले होते. बाजारभावाने भाडे द्यावे लागते, तर गिरणगाव त्या एका वर्षात रिते झाले असते. पुढे तेच गिरणगाव टॉवरांच्या सावलीत हळूहळू रिते होत गेले, ही वेगळी कथा.

२३/
आज सरकार शहराचा महागडेपणा कसा मोजते? केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग आहेत आणि निकष भाड्याचा नाही, लोकसंख्येचा आहे. ५० लाखांवर एक्स, ५ लाखांवर वाय. २०११ च्या जनगणनेत पुणे नागरी समूहाची लोकसंख्या साडेपन्नास लाखांच्या आसपास भरली आणि २०१५ मध्ये पुणे एक्स वर्गात गेले. भत्ता मूळ वेतनाच्या २० वरून ३० टक्के झाला. काही हजार माणसे कमी मोजली गेली असती, तर कागदोपत्री पुणे मालेगावच्याच वर्गात राहिले असते. मालेगाव, नागपूर, सोलापूर, वसई-विरार हे सारे वाय. वसई-विरारमध्ये राहून रोज लोकलने मुंबईला जाणाऱ्याला हे वर्गीकरण ऐकून हसू आल्यावाचून राहणार नाही.

२४/
सोलापुरात विडी कामगार स्त्रियांनी भाड्याच्या प्रश्नाला निराळे उत्तर शोधले. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने शहराबाहेर कुंभारी येथे सहकारी तत्त्वावर हजारो घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प आला, त्यातील १५ हजार घरांचे हस्तांतरण जानेवारी २०२४ मध्ये झाले. जमीन शहराबाहेर घेता आली म्हणूनच हे जमले. मुंबईत त्याच वर्गातील माणसाला शहराबाहेर जायचे म्हणजे वांगणी-शेलूपर्यंत जावे लागते.

२५/
आणि वरळीत, ज्या खोल्यांना एकेकाळी भाडेकरू मिळत नव्हते, त्या बीडीडी चाळी आता पाडल्या जात आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात मूळ रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर. पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. भाडेपावती गेली. तिच्या जागी दरमहा येणार आहे ती उद्वाहन, पाणी आणि देखभालीच्या खर्चाची आकारणी, आणि तिला १९४० च्या सप्टेंबरात रोखून धरणारा कायदा नाही.